जागा सांग

प्रिय मुली,

रविवारी तू उठून गेलीस तेव्हा कपात अर्धा चहा तसाच होता. काकूने तो कप उचलताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून कळलं की आपलं बोलणं जरा जास्तच झालं. म्हणून लिहितोय. हा माफीनामा नाही. जे म्हणालो ते अजूनही म्हणतोय, फक्त या वेळी तुला मध्येच उठता येणार नाही.

तुझी हकीकत मला समजली तशी मांडतो, चुकलं तर सांग. तू ‘कोर्ट’ हा सिनेमा पाहिलास. कंटाळलीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना म्हणालीस, ‘बोअर आहे, उगाच डोक्यावर घेतलाय.’ टेबलावरचे चौघे तुझ्यावर तुटून पडले. एकाने अक्कल काढली, एकीने राष्ट्रीय पुरस्कार काढला, एक जण म्हणाला, ‘तू मालिकाच बघ.’ तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, ‘चांगला असेल, मलाच कळला नसेल.’ आणि रविवारी माझ्यासमोर बसून, ‘काका, मला नक्की काय वाटलं होतं तेच आता आठवत नाही. वर आई म्हणते, मी हल्ली प्रत्येक गोष्टीवर किरकिर करते.’

तुझं मतही मोलाचं आहे, लोकांकडे लक्ष देऊ नकोस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही हेही ठाऊक आहे. मी रविवारी एवढंच विचारलं होतं, कंटाळा आला तो कुठे? तू म्हणालीस, ‘असं काही नाही, सगळाच.’ तिथे माझा पारा चढला.

‘सगळाच’ कंटाळा कुणाला येत नाही गं. सुरुवातीला तरी तू खुर्चीत सावरून बसली असशील, मोबाइल पर्समध्ये टाकला असशील. मग कुठल्या तरी एका क्षणी तो परत बाहेर काढलास. तो क्षण कोणता? पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं? तेवढं सांग. जागा सांग.

हा शब्द माझा नाही. लहानपणी वडील मला सवाई गंधर्वला घेऊन जायचे, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून कानावर पडलेला. गवई सुरांची एखादी हरकत अशी घ्यायचा की शेजारचा म्हातारा मांडीवर थाप मारून म्हणायचा, ‘काय जागा घेतलीय!’ तो सबंध गाण्याला चांगलं म्हणत नसे. रात्रभर गप्प बसून राहायचा आणि चार ठिकाणी मान हलवायचा, पण ती हलायची ती नेमकी तिथेच. शेवटी टाळ्या सगळेच वाजवतात, आता घरी जायला मिळणार म्हणूनही वाजवतात. वडील म्हणायचे, दाद जागेवर द्यावी. शिवीचंही तेच आहे, ही पुढची भर माझी.

तर ‘कोर्ट’. त्यात न्यायाधीश आपलं म्हणणं सावकाश, एकेक वाक्य करून लिहून घ्यायला सांगतात आणि कॅमेरा लांब उभा राहून नुसता बघत बसतो. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला, असा आरोप, आणि त्यावर तारखांमागून तारखा. एका बाईंचं प्रकरण तर पुकारूनही पुढे ढकललं जातं, कारण काय, तर त्या बिनबाह्यांचे कपडे घालून आल्यात. तू इथे कंटाळलीस का? की सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात तिथे? तुला वाटलं असेल, हे कशाला दाखवताहेत? असं वाटलं असेल तर तो चांगला प्रश्न आहे, आणि तो डब्याच्या टेबलावर टाकला असतास तर त्या चौघांना जेवण थांबवून विचार करावा लागला असता. तू ‘बोअर’ म्हणालीस. त्यावर एकच उत्तर असतं, ‘तूच बोअर.’

मी तुला माझी जागा सांगतो. बचाव पक्षाचा वकील सुपरमार्केटात वाइन नि चीज घेत फिरतो, ते मला खटकलं. इकडे तो, तिकडे पोळ्या लाटणाऱ्या सरकारी वकीलबाई. तोल फार मोजूनमापून साधलाय, दिग्दर्शकाने वजनकाटा आपल्यासमोरच ठेवलाय, असं वाटलं. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो, ती जागा माझ्या मते मराठी सिनेमातल्या थोरांपैकी आहे. 2015 साली आमच्या खेळाला तो अंधार झाला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे संपलं समजून उठलेसुद्धा. चपला शोधत होते, तेवढ्यात न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघाले. दोघे निमूट परत बसले. खटल्यासाठी जमलेली माणसं पांगली आणि न्यायाधीश सुट्टीवर, याचा अर्थ त्या दोघांना माझ्या आधी कळला असणार.

आता तू म्हणशील, काकांचं बरंय, आयुष्यभर परीक्षणं लिहिली, त्यांना जागा दिसतात. तर ऐक. मला दिसत नव्हत्या. नेमकी ती गोष्ट रविवारी तुला सांगायची होती आणि तू उठलीस.

1986 साल. मी एका जिल्हा दैनिकात मुद्रितं तपासायचो आणि रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहायचो. परीक्षणामागे 40 रुपये, तिकीट आपलं आपण काढायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रात्री नऊच्या खेळाला एक मराठी चित्रपट पाहिला. दोन भाऊ, वाडा, शेताचा बांध, नेहमीचंच. मध्यंतरापर्यंत बरा होता. नंतर एकाएकी थोरल्याचा हात गळ्यात बांधलेला, आणि ज्याचं तोंड बघायचं नाही तो धाकटा शेजारी बसून त्याला घास भरवतोय. मी मनात म्हटलं, झालं, हे आता वाट्टेल ते दाखवणार. घरी आलो आणि लिहिलं, ‘उत्तरार्धात दिग्दर्शकाची पकड सुटते आणि कथा विस्कळीत होते.’ शिवाय ‘छायाचित्रण नेत्रसुखद’, ‘संगीत श्रवणीय’ आणि ‘पटकथेवर आणखी मेहनत हवी होती’. ही वाक्यं मी तेव्हा सांडगे घातल्यासारखी घालत असे, एकसारखी आणि ओळीने.

काही वर्षांनी तोच चित्रपट दूरदर्शनवर लागला. काकू बघत होती, मी पेपर वाचत होतो. मध्यंतरानंतर नदीला पूर येतो. थोरला अडकतो. धाकटा उडी टाकतो. अंधारात दोघे एका झाडाला धरून रात्र काढतात आणि जवळजवळ बोलतच नाहीत. एकदा फक्त धाकटा विचारतो, ‘हात दुखतोय?’ मी पेपर खाली ठेवला. अख्ख्या चित्रपटात सोन्याचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते मी पाहिलंच नव्हतं.

पुढे त्या गावी जाणं झालं तेव्हा थिएटरच्या ऑपरेटरला गाठलं. त्याला आठवत होतं. म्हणाला, ‘शेवटची एसटी साडेअकराची. खेळ उशिरा संपला तर वाड्यावस्त्यांवरची माणसं स्टँडवर झोपायची. मालक म्हणाले, एक रीळ गाळ. मग नऊच्या खेळाला अकरावं रीळ आम्ही चढवतच नव्हतो.’ साधारण हजार फुटांचं एक रीळ, म्हणजे 11 मिनिटं. आणि सांगायची लाज अशी की सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळांचा आकडा छापलेला असतो. स्टॉलमधली पोरं तो मोठ्याने वाचायची, ‘चौदा रिळं!’ आणि शिट्ट्या मारायची. माझ्या हातावर घड्याळ होतं. सुटताना मी त्यात पाहिलंही होतं, एसटी मिळेल का म्हणून.

आता बघ. मी जर लिहिलं असतं, ‘मध्यंतरानंतर थोरल्या भावाचा हात एकदम गळ्यात दिसतो, तो का मोडला ते कळत नाही, आणि भावांचा समेट कधी झाला तेही कळत नाही,’ तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावी तो पाहिलेला कुणीही पोस्टकार्ड टाकून मला सांगू शकला असता, अहो, पूर आला होता! निर्मात्याच्या माणसाने वाचलं असतं तर त्या मालकाला जाब विचारला असता. मी लिहिलं ‘विस्कळीत’. त्या शब्दातून कुणाला काय कळणार? ज्याने चूक केली तो सुटला आणि ज्याने पूर उभा केला त्याच्या माथी दोष बसला.

त्या दिग्दर्शकाचा पुढे दुसरा चित्रपट आला नाही. जिल्हा पुरवणीतल्या दोनशे शब्दांनी कुणी बुडत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तीसेक वर्षं मी स्वतःला ते सांगतोय. दुरुस्ती छापू या म्हणून मी संपादकांकडे गेलो होतो, हे तुझ्या काकूलाही विचार. ते हसले. म्हणाले, एवढ्या वर्षांनी, सिनेमाची दुरुस्ती? आणि एक लक्षात घे, मला रात्री बारानंतर घरी पोचून सकाळी आठाच्या आत मजकूर द्यावा लागायचा. आजच्या लोकांसारखं मागे नेऊन परत बघायची सोय नव्हती. शिवाय पूर धरूनही तो चित्रपट बेताचाच होता, हे मी आजही म्हणेन. वाड्यातली भांडणं भयंकर होती. तुळशीवृंदावनापाशी आई कोसळते ती जागा तर...

बघ, जागा सांगायला लागलो की मी कसा भरकटतो. पण निदान तुला भांडता तरी येईल माझ्याशी.

त्यानंतर मी वही बाळगायला लागलो. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये, ते अर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर काळोखात बसून टिपणं घेतात, हे तिथे जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते मोठं ऐटदार वाटायचं. मी नक्कल केली. पहिले सहा महिने ओळीवर ओळ चढायची आणि घरी आल्यावर एक अक्षर लागायचं नाही. एकदा नुसतं ‘बादली’ एवढंच वाचता आलं. पण त्या एका शब्दावरून अख्खा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. ‘आशयघन’ हा शब्द वाचून असं कधी काही उभं राहिलं नाही.

मालिकांचंही सांगतो, कारण त्या चौघांतला एक तुला ‘मालिकाच बघ’ म्हणाला, आणि तुला ती शिवी वाटली. मीही ती शिवी म्हणूनच वापरायचो. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली, आणि जवळपास तितक्याच वेळा मी या घरात ‘काय भंकस आहे’ म्हणालो असेन. एका संध्याकाळी काकूने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘कुठे?’ माझाच शब्द, माझ्याच अंगावर. मग मी सध्याची एक मालिका घड्याळ लावून पाहिली. जाहिराती सोडून बावीसेक मिनिटं. पहिली दोन कालच्या भागाची उजळणी. एक थोबाडीत, तिच्यावर सहा जणांचे सहा चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आपटतो, मागे ढगांचा गडगडाट. शेवटी उद्याची झलक, म्हणजे थोबाडीत खाल्लेली दुसऱ्या कुणाला तरी मारणार. पुढे सरकलेली गोष्ट साडेचार मिनिटांची.

मी विजयी मुद्रेने हे वाचून दाखवलं. काकू म्हणाली, ‘म्हणून तर बघते. मान वर केली नाही तरी गडगडाट झाला की कळतं. पोळ्या करताना तुमचा तो कोर्टाचा सिनेमा बघता येईल का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तीनदा आपटणं वेडेपणा नसून हात कामात असलेल्या बाईसाठी केलेली सोय आहे, हे मला साठीत कळलं, आणि तेही मोजलं म्हणून. नुसतं भंकस म्हणत राहिलो असतो तर अजून म्हणतच असतो.

पण गैरसमज नको. कारण समजलं म्हणून मी माफ केलेलं नाही. सहा दिवस रोज एक भाग द्यायचा, संवाद सेटवर आयत्या वेळी हातात पडायचे, दर आठवड्याला टीआरपीचा आकडा बघून कथा वळवायची, हे सगळं मान्य. तरी सून सकाळी सहाला भरजरी साडीत झोपेतून उठते, ती कुणाची सोय? ही जागा मी सोडणार नाही.

आता तुझ्या किरकिरीबद्दल. तू रविवारी बोटं मोडत यादी दिलीस: लोक, ट्रॅफिक, आवाज, ऑफिस. ही काय यादी झाली? लोक म्हणजे कोण? जरा खोदून विचारलं तेव्हा निघालं की बसमध्ये शेजारचे गृहस्थ मोबाइलवर गाण्याचे तुकडे मोठ्याने लावतात, आणि एकही पुरं ऐकत नाहीत, हे तुला जास्त झोंबतं. हे मला फार आवडलं! तुला आवाजाचा राग नाहीये, तुकड्यांचा आहे. पूर्ण गाणं लावलं असतं तर तू कदाचित ऐकलंही असतंस. तुझ्या आईला ‘मला आवाजाचा त्रास होतो’ म्हणालीस की ती किरकिर म्हणणारच. हे सांगून बघ, तीही म्हणेल, अगं, आमच्या शेजारची असंच करते.

पुणेरी पाट्यांना लोक उगाच हसतात. ‘दारापुढे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ यात जग बिघडलंय, संस्कार राहिले नाहीत, अशी भाषा आहे का? कुठे, काय, आणि मग काय, संपलं. ती पाटी लिहिणारा म्हातारा खडूस असेल, पण त्याचा राग त्याच्या दाराएवढाच आहे.

माझा स्वतःचा राग सांगतो. चित्रपट संपता संपता श्रेयनामावली सुरू होते न होते तोच थिएटरवाले दिवे लावतात आणि झाडूवाले आत येतात. शेवटचं गाणं वाजत असतं, नावं धुवून निघाल्यासारखी फिकट होतात. मी त्या थिएटरला दोन वर्षांत तीन पत्रं लिहिली, ‘रसिकांचा अवमान’ वगैरे. उत्तर नाही. चौथं लिहिलं, ‘पडदा क्र. 2, सायंकाळी 6:40 चा खेळ, शेवटच्या गाण्याची तीन मिनिटं बाकी असताना दिवे लागले.’ व्यवस्थापकाचा फोन आला! आठवडाभर दिवे बंद ठेवले त्याने. मग पुन्हा सुरू. मी पाचवं पत्र लिहायला घेतलंय. काकू म्हणते, तुम्ही त्याच्यासाठी आता सिनेमाआधीच्या तंबाखूविरोधी जाहिरातीतल्या मुकेशसारखे झालात, रोज तेच. म्हणू दे.

‘किरकिरी’ हा शब्द तुला लागलाय, ते मला दिसलं. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ तू पाहिलेला नाहीस, हे तूच एकदा म्हणालीस आणि मी तेव्हा काही बोललो नाही, पण मनात आलंच. दामले-फत्तेलालांनी केलेला. त्यात आवली आहे. नवरा विठ्ठलाच्या नादी लागलाय, घरात दाणा नाही, ती सबंध सिनेमाभर कावलेली आहे. पोर आजारी पडतं तेव्हा ती नशिबाला बोल लावत बसत नाही. पोराला ओढत थेट देवळात जाते आणि पांडुरंगावर वहाण उगारते. व्हेनिसपर्यंत गाजलेल्या त्या संतपटात मला तुकोबांच्या बरोबरीने, खरं तर कांकणभर जास्त, ती आवडते. इतका राग, पण एका तसूनेही जागा चुकत नाही.

त्या चौघांशी तू उद्या पुन्हा वाद घालावास असं माझं म्हणणं नाही. डबा खा, गप्प बस. पण ‘मलाच कळला नसेल’ हे वाक्य मात्र परत घे. ते नम्र वाटतं, म्हणून फसवं आहे. ‘बोअर’ म्हणतानाही तू पडद्याकडे बघत नव्हतीस आणि ‘कळला नसेल’ म्हणतानाही नाही. दोन्ही वेळा तू टेबलाकडे बघत होतीस. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण ‘विस्कळीत’ लिहिताना मीही पुण्यातले परीक्षणवाले काय लिहितील त्याच्याकडेच बघत होतो.

या रविवारी साडेचारला ये. ‘कोर्ट’ पुन्हा लावू. माझ्याकडे रिमोट असेल. जिथे मोबाइलकडे हात जाईल तिथे ‘थांबा’ म्हण, मी थांबवतो, तू लिही. वही आण आणि पेन्सिल आण, टिकटिक करणारं पेन नको, मला त्याचा भयंकर त्रास होतो. आठच्या आत संपवायला हवं, आठला काकूची मालिका असते. चहा या वेळी पूर्ण पी.

तुझा,
काका

ता. क. बादलीचा तो प्रसंग कोणत्या चित्रपटातला, हे मला आठवत नाहीये. वही शोधतोय.